शिकलेलं वाटेत कुठं सांडतं?

मराठवाड्यातल्या कुठल्याही सरकारी कचेरीत जा. खुर्ची रिकामी असेल तर तीन उत्तरांपैकी एक मिळतं: साहेब मीटिंगला गेलेत, साहेब जिल्ह्याला गेलेत, किंवा साहेब ट्रेनिंगला गेलेत. पहिल्या दोन उत्तरांवर माणूस कुरकुरतो, तिसऱ्यावर मुकाट्यानं परत फिरतो. ट्रेनिंग म्हणजे काहीतरी चांगलं, आज ना उद्या आपल्याच कामी येणारं, असा भाबडा विश्वास त्यामागं असतो. चार दिवसांनी साहेब परततात. पिशवीत फोल्डर, वही, पेन, समूहछायाचित्र आणि प्रमाणपत्र असतं. प्रवासभत्त्याचं बिल सादर होतं. पाचव्या दिवशी साहेब काल जे करत होते तेच करू लागतात.

या पाचव्या दिवसाविषयी मला लिहायचं आहे. मी पेशानं नर्सिंगची शिक्षिका. नोकरीची बहुतेक वर्षं सिस्टर, एएनएम आणि आशाताई यांना शिकवण्यात गेली. नेकनूर हे माझं माहेर आणि निवृत्तीनंतर मी इथंच राहते. वर्गात मन लावून शिकलेली, परीक्षेत चांगले गुण मिळवलेली बाई परत आपल्या वॉर्डात गेली की त्यातलं किती वापरते, आणि जे वापरत नाही ते का वापरत नाही, या प्रश्नानं मला नोकरीत सतत छळलं. पुढं कळलं की या प्रश्नाचा जगभर शंभराहून अधिक वर्षं अभ्यास चालू आहे. व्यवस्थापनशास्त्रात त्याला ‘ट्रान्सफर ऑफ ट्रेनिंग’ म्हणतात. आपल्याकडे ट्रान्सफर म्हटलं की आधी बदली आठवते. गंमत म्हणजे शिकलेलं वाया जाण्याचं एक मोठं कारण बदली हेच आहे. त्याकडे पुढं येते.

उदाहरण म्हणून मी लेबर रूम घेते. बँकेत, शाळेत, तहसील कचेरीत शिकलेलं वापरलं नाही तर त्याचा परिणाम सावकाश, पसरट होतो आणि नजरेत येत नाही. लेबर रूममध्ये तो एका मिनिटात दिसतो.

ते मिनिट असं असतं. जन्मणाऱ्या बहुतेक बाळांना श्वास घ्यायला कोणाची मदत लागत नाही. शंभरातल्या साधारण दहा बाळांना कोरडं करणं, पाठ चोळणं अशी थोडी चालना लागते. तीन ते सहा बाळं त्यानंही रडत नाहीत. त्यांच्या तोंडा-नाकावर मास्क धरून पिशवीनं, म्हणजे अंबू बॅगनं, हवा द्यावी लागते, आणि ती जन्मापासून एका मिनिटाच्या आत सुरू व्हावी लागते. या मिनिटाला ‘गोल्डन मिनिट’ म्हणतात. मान किंचित मागं, मास्क घट्ट, पिशवी ठरावीक लयीत दाबायची आणि छाती उचलली जाते का ते बघायचं. यात न समजण्यासारखं काही नाही. भारत सरकारनं २००९ मध्ये ‘नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम’ सुरू केला, त्यात हे दोन दिवसांत शिकवलं जातं. अमेरिकन बालरोग अकादमीनं २०१० मध्ये ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ नावाचा असाच छोटा अभ्यासक्रम काढला आणि तो कितीतरी देशांत पोचला. दोन्हींत बाहुलीवर सराव असतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळ्यांना ते जमतं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आता एक साधा हिशेब करू. महिन्याला बारा बाळंतपणं होणारं एक केंद्र धरा, तिथं आळीपाळीनं ड्युटी करणाऱ्या चार सिस्टर आहेत. वर्षाला १४४ बाळंतपणं झाली. पिशवी लागणारी बाळं शंभरात पाच धरली तर वर्षाला सात. ती चार जणींत वाटली तर एकीच्या वाट्याला वर्षात दोनसुद्धा येत नाहीत. जानेवारीत शिकलेली बाई पहिल्यांदा खऱ्या बाळावर पिशवी दाबेल ती जून-जुलैमध्ये, बहुधा रात्री, बहुधा एकटी असताना. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं उजळलं नाही तर त्यातलं बरंचसं पहिल्या एक-दोन दिवसांतच निसटतं. त्यानं निरर्थक अक्षरं पाठ केली होती. हाताचं कौशल्य त्याहून जरा चिवट असतं. पण सहा महिने कुठलाच चिवटपणा टिकत नाही. वर्षातून एकदाच पुरणपोळी करणाऱ्या सुनेला हे वेगळं सांगायला नको.

टांझानियात हायडम नावाच्या गावी एक मिशनचं रुग्णालय आहे. तिथं २०१० मध्ये हा एक दिवसाचा अभ्यासक्रम झाला आणि संशोधकांनी पुढचे महिने काटेकोर नोंदी ठेवल्या. सात महिन्यांनी तपासलं तेव्हा बाहुलीवरची कामगिरी पूर्वीपेक्षा कितीतरी सुधारलेली होती. प्रत्यक्ष लेबर रूममध्ये, खऱ्या बाळांच्या बाबतीत मात्र काहीच बदललं नव्हतं. २०१३ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. मी तो वाचला तेव्हा मला धक्का बसला नाही, उलट सुटका झाल्यासारखं वाटलं. बायका विसरल्या नव्हत्या. त्यांना येत होतं आणि त्या करत नव्हत्या. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण मात्र त्यांवर एकच औषध देतो: पुन्हा ट्रेनिंग. त्याला ‘रिफ्रेशर’ असं गोड नाव आहे.

हायडमच्या लोकांनी पुढं काय केलं ते अधिक महत्त्वाचं आहे. त्यांनी बाहुली वर्गातून उचलून लेबर रूममध्ये आणून ठेवली. दर आठवड्याला तीन ते पाच मिनिटं, ड्युटीवर असताना, जागेवरच सराव करायचा. आपल्यातल्याच एकीनं तो घ्यायचा. बाहेरचा तज्ज्ञ नाही, चहा-बिस्किटं नाहीत, प्रमाणपत्रही नाही. २०१५ मध्ये त्यांनी आकडे प्रसिद्ध केले: पहिल्या चोवीस तासांत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी ११.१ वरून ७.२ वर आलं होतं. एकाच रुग्णालयातला आधीचा आणि नंतरचा काळ ताडून काढलेला हा आकडा आहे, त्यामुळं त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. तोच अभ्यासक्रम बेळगाव, नागपूर आणि केनियातल्या एल्डोरेट परिसरातल्या केंद्रांमध्ये दिला गेला, तेव्हा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत बालमृत्यूंत एकूण घट दिसली नाही. बाहुली तीच आणि धडेही तेच होते. फरक कुठं पडतो हे शोधायचं तर वर्गाबाहेर बघावं लागतं.

इथं एका लोकप्रिय आकड्याचा निकाल लावते. ‘प्रशिक्षणातलं फक्त दहा टक्के कामावर वापरलं जातं’ हे वाक्य तुम्ही कुठल्या ना कुठल्या भाषणात ऐकलं असेल. याचं मूळ शोधत गेलं की आपण १९८२ मधल्या एका लेखापाशी पोचतो. लेखक जॉर्जेन्सन. त्यांनी कुठलंही संशोधन केलेलं नव्हतं. लोक असा अंदाज करताना आपण ऐकतो, एवढंच बोलण्याच्या ओघात म्हटलं होतं. पुढच्यांनी त्याला संशोधनाचा दर्जा दिला. २००१ मध्ये फिट्झपॅट्रिक यांनी ही गोष्ट उघड केली, तरी आकडा मजेत फिरतोच आहे. त्यापेक्षा बरा पुरावा सॅक्स आणि बेलकोर्ट यांच्या २००६ च्या पाहणीत आहे. कॅनडातल्या प्रशिक्षण-व्यवसायातल्या लोकांनाच त्यांनी विचारलं. उत्तर आलं की प्रशिक्षणानंतर लगेच ६२ टक्के कर्मचारी शिकलेलं वापरतात, सहा महिन्यांनी ४४ आणि वर्षानं ३४ टक्के. हेही अंदाजच आहेत, पण निदान ज्यांनी शिकवलं त्यांचे. मला त्यातला उतार महत्त्वाचा वाटतो. शिकलेलं एका झटक्यात जात नाही, गळक्या माठासारखं ओघळत जातं.

मग ते ओघळतं कुठून? १९०१ मध्ये थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी सांगितलं की एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी उतरतं ते दोन्हीकडे सारखेपणा असेल तेवढंच. संस्कृत शिकल्यानं बुद्धी तल्लख होते आणि ती गणितातही चालते, हा आपला लाडका समज त्यांनी तेव्हाच मोडीत काढला होता. या कसोटीवर आपले वर्ग तपासा. सभागृहात पंखे चालू असतात, टेबल कमरेच्या उंचीचं, बाहुली कोरडी, शेजारी टाळ्या वाजवणाऱ्या मैत्रिणी. एका सिस्टरनं मला जे सांगितलं ते मी कितीतरी वर्गांत सांगत आले: “मॅडम, तिथली बाहुली गप पडून असते. इथं माय ओरडत असते, सासू दारात उभी असते, लाइट गेलेली असते आन् पोरगं हातातून निसटत असतं. तुमचं ते एक-दोन-तीन मला तवा आठवंल का?”

तिचा प्रश्न बिनतोड आहे, पण अर्धाच आहे. टिमोथी बाल्डविन आणि केविन फोर्ड यांनी १९८८ मध्ये तोवरचं सगळं संशोधन एकत्र करून तीन बाजू मांडल्या: शिकणारा माणूस, शिकवण्याची रीत आणि कामाची जागा. आपण सगळा खर्च मधल्या बाजूवर करतो. पहिल्या बाजूला दोष देतो (“यांना शिकायचंच नाही”). आणि तिसरीकडे बघतही नाही. ती तिसरी बाजू कशी असते, ते मी फिरतीवर पाहिलं त्यातून सांगते. कुठलं केंद्र ते विचारू नका. एकाहून जास्त आहेत.

पिशवी आणि मास्क कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली इनचार्ज सिस्टरच्या कनवटीला. यात दुष्टपणा नसतो. वस्तू डेड स्टॉक रजिस्टरवर नोंदलेली असते, हरवली किंवा फाटली तर वसुली तिच्या पगारातून होईल अशी भीती असते. म्हणून ती जपून ठेवते. मिनिटाच्या आत लागणारी वस्तू जपून ठेवली की तिचा उपयोग संपला, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं, कारण ट्रेनिंगला ती गेलेली नसते. धाकटी सिस्टर गेलेली असते. परत येऊन ती म्हणते, बाळ आधी आईच्या पोटावर ठेवून कोरडं करू या. थोरली म्हणते, “इथं तसं करत नाहीत, बाई.” वयानं आणि हुद्द्यानं मोठ्या बाईला उलट बोलायचं नसतं, हे धाकटीला ट्रेनिंगच्या कितीतरी आधी, घरात शिकवलेलं असतं. दोन-तीनदा प्रयत्न होतो आणि मग ती गप्प बसते. महिन्याभरात तिची ड्युटी ओपीडीला लागते. वर्षात बदली होते, आणि नव्या जागी बाळंतपणंच होत नसतात. तिच्या जागी आलेली सिस्टर मधुमेहाच्या कार्यक्रमाचं ट्रेनिंग घेऊन आलेली असते.

ट्रेनिंगला कोण जातं, हीही ऐकण्यासारखी गोष्ट आहे. वरून पत्र येतं: दोन नावं कळवा. जिच्यावाचून काम अडत नाही तिचं नाव जातं. नाहीतर जिची पाळी असते तिचं, किंवा जिचं माहेर ट्रेनिंगच्या गावी आहे तिचं. काय शिकून ये, कशासाठी पाठवतोय, आल्यावर काय बदलायचं आहे, हे बोलणं होत नाही. परतल्यावर पहिल्या दिवशी साहेब विचारतात, “झालं का?” ती म्हणते, “झालं सर.” मेरी ब्रॉड आणि जॉन न्यूस्ट्रॉम यांनी १९९२ मध्ये या विषयावर एक पुस्तक लिहिलं. त्यात तीन माणसं आणि तीन वेळा यांचा नऊ घरांचा एक पट आहे: वरिष्ठ, शिकवणारा, शिकणारा, आणि ट्रेनिंगच्या आधी, चालू असताना, नंतर. त्यांचं म्हणणं, सर्वांत जास्त वजन ‘वरिष्ठ, आधी’ या घराला आहे. आमच्याकडे भरलेलं असतं ते फक्त ‘शिकवणारा, चालू असताना’ हे. ‘वरिष्ठ, आधी’ या घरात पत्राचा जावक क्रमांक असतो.

आणि मोजमाप? डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये चार पायऱ्या सांगितल्या होत्या. शिकणाऱ्याला वर्ग आवडला का. तो शिकला का. कामावर त्याचं वागणं बदललं का. आणि त्यानं शेवटी काही फरक पडला का. शेवटच्या दिवशी आपण जो अभिप्राय फॉर्म भरून घेतो त्यात पहिली पायरी असते, आणि त्यातही जेवणाविषयी सर्वांत मनापासून लिहिलेलं असतं. आता सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ‘मिशन कर्मयोगी’ आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारनं ते मंजूर केलं. ‘आयगॉट’ या ऑनलाइन मंचावर अभ्यासक्रम पुरे करून प्रमाणपत्रं मिळतात. शिक्षकांसाठी २०१९ पासून ‘निष्ठा’ आहे. यांची गरज मी नाकारत नाही. आडगावातल्या माणसाला चांगलं शिकवणं घरबसल्या मिळतं ही लहान गोष्ट नाही. पण मोबाइलवर व्हिडिओ संपला की जी मोजणी होते ती दुसऱ्या पायरीपर्यंत जेमतेम पोचते. तिसरी पायरी कामाच्या जागी जाऊन, उभं राहून बघावी लागते. त्याला माणूस लागतो.

तिसरी पायरी मुळातच न चुकवणारी एक रचना आमच्या शेजारी होऊन गेली. नेकनूर मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे; मांजरसुंब्याहून उलट बाजूला पाटोद्यावरून गेलं की जामखेड. तिथं १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे बऱ्याच वाचकांना माहीत असेल. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्सेसना खेड्यात ठेवून पाहिलं. ते जमलं नाही. मग गावानंच निवडलेल्या बायका घेतल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, दलित होत्या, नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. या बायकांना सहा महिन्यांचा कोर्स देऊन गावी सोडून दिलं नाही. त्या आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत, थोडंसं शिकत आणि परत जात. पुढच्या आठवड्यात आल्या की आधी हिशेब: काय करून पाहिलं, कोणी ऐकलं, कोणी हाकलून दिलं. त्यातून निघालेल्या अडचणीवर पुढचा धडा. एकीला जमलेली युक्ती दुसरी उचलायची. शिकणं आणि वापरणं यांच्यात सहा महिन्यांची दरी पडायला जागाच ठेवली नव्हती. फार तर सहा दिवसांची.

ही रीत नवी म्हणावी तर आपल्या बाजारात ती आहेच. नेकनूरच्या आठवडी बाजाराला गेलं की जनावरांच्या दलालाबरोबर एखादा पोरगा दिसतो. रुमालाखाली बोटं धरून भाव कसा करायचा, बैलाच्या दातांवरून वय कसं ओळखायचं, हे त्याला कोणी सभागृहात शिकवत नाही. तो बाजारातच शिकतो, चुकला की तिथंच शिवी खातो आणि पुढच्या बाजाराला सुधारतो. गॅरेजमधला पोरगा, शिंप्याकडची काजं-बटणं करणारी मुलगी, सगळे असेच. मात्र या रीतीचं कौतुक मी बेतानंच करते. उस्तादाच्या चुकाही शागिर्दाकडे तशाच जातात. बाळाला उलटं धरून थोपटायचं, ही आमच्या जुन्या सुइणींची रीत अशीच पिढ्यान्‌पिढ्या उतरली होती. बाहेरून नवं ज्ञान यायचं तर वर्ग लागतोच. जामखेडच्या रचनेत दोन्ही होतं, वर्गही आणि बाजारही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं हाच विचार मोजमापाच्या शिस्तीनं करून दाखवला. १९९३ पासून ३९ गावांत पाहणी सुरू झाली, तुलनेला ४७ गावं होती. गावातल्याच स्त्रियांना, म्हणजे आरोग्यदूतांना, नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायला, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायला शिकवलं. नवजात मृत्यूंचं प्रमाण हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो निबंध आला आणि जगभर गाजला. चर्चा झाली ती मुख्यतः खेड्यातली बाई इंजेक्शन देते याची. माझ्या विषयाच्या दृष्टीनं त्यातली कमी बोलली गेलेली गोष्ट ही, की दर पंधरा दिवसांनी एक डॉक्टर गावात जाऊन आरोग्यदूताच्या नोंदी तपासत असे आणि तिच्याशी बोलत असे.

याच कामातून पुढं देशभरच्या आशाताईंचा घरभेटींचा कार्यक्रम आला, २०११ मध्ये. आशांचं त्यासाठीचं प्रशिक्षण वीस दिवसांचं, पण एकदम नाही. पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत, मध्ये काम करायला वेळ ठेवून. साधारण वीस आशांमागं एक गटप्रवर्तक. कागदावर ही रचना मला फार शहाणी वाटते. व्यवहारात गटप्रवर्तकाचा वेळ माहिती गोळा करणं आणि ती वर पाठवणं यातच जातो, आणि सोबत घरभेटीला जाऊन ‘बाळाचं तापमान कसं घेतेस दाखव’ म्हणायला तो उरत नाही. रचनेतला सर्वांत मोलाचा धागा सर्वांत आधी तुटतो, कारण त्याचा रकाना नसतो.

सोबत जाणाऱ्या माणसानं खरंच फरक पडतो का, याची मोठी परीक्षा उत्तर प्रदेशात झाली. तिच्यामागं डॉ. अतुल गावंडे यांचा गट होता. गावंडे घराणं मूळचं यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचं. जागतिक आरोग्य संघटनेनं बाळंतपणासाठी एक चेकलिस्ट केली आहे: हात धुतले का, रक्तदाब घेतला का, पिशवी-मास्क जवळ आहे का, अशी. १२० केंद्रांतल्या निम्म्या ठिकाणी ती देऊन आठ महिने सोबती पाठवले. या सोबत्यांनी भाषण द्यायचं नव्हतं. शेजारी उभं राहायचं, बघायचं, काय अडलं ते विचारायचं. भेटी आधी लवकर लवकर, मग विरळ. दीड लाखाहून जास्त बाळंतपणांच्या नोंदी झाल्या आणि २०१७ मध्ये निकाल आला.

दोन महिन्यांनी, सोबती असलेल्या केंद्रांत आवश्यक कृतींपैकी ७२.८ टक्के होत होत्या, इतर केंद्रांत ४१.७ टक्के. सोबत बंद झाल्यावर चार महिन्यांनी, म्हणजे बाराव्या महिन्यात, पहिला आकडा ६१.७ वर उतरला, दुसरा ४३.९ होता. म्हणजे सोबत काम करते. सुटली की घसरण सुरू होते, तरी सगळं जात नाही. इथवर माझ्या मताला बळच मिळतं. पण निकालाचा दुसरा भाग असा, की माता आणि बाळं यांचे मृत्यू व गंभीर आजार दोन्हीकडे सारखेच राहिले: १५.१ आणि १५.३ टक्के. वागणं बदललं, फळ आलं नाही.

हा निकाल प्रशिक्षणवाल्यांनी भिंतीवर लावून ठेवावा असं मला वाटतं, आणि आम्हीच तो कमीत कमी सांगतो. जिथं रक्त मिळत नाही, सिझेरियन होत नाही, अडलेली बाई पुढं पाठवायला गाडी वेळेवर नाही, तिथं हात धुणं आणि रक्तदाब घेणं वाढून मृत्यू थांबत नाहीत, हे एक स्पष्टीकरण. दुसरं असं, की चेकलिस्टमधल्या सोप्या कृती वाढल्या आणि अवघड, कौशल्याच्या तेवढ्या वाढल्या नसाव्यात. तिसरं, तीनचतुर्थांशही पुरेसं नसेल. मला पहिल्या दोन्हींत तथ्य वाटतं. माणूस कमी असेल, औषध नसेल, तर ट्रेनिंग हा त्यावरचा उपाय नव्हे. पण तो स्वस्त असतो आणि फोटो चांगला येतो, म्हणून पुष्कळदा तोच केला जातो.

तरीही जे हातात आहे ते लहान नाही. नेकनूरला स्त्री रुग्णालय आहे. बालाघाटाच्या या पठारावरच्या वाड्या-तांड्यांवरून बायका इथं येतात. अशा कुठल्याही जागी काय करता येईल असं मला विचारलं, तर मी एकटीला पाठवणार नाही, दोघींना पाठवीन, आणि त्यांतली एक कपाटाची किल्ली जिच्याकडे असते ती असेल. जाण्याआधी पंधरा मिनिटं डॉक्टरांनी दोघींशी बोलावं: आपल्याकडे गेल्या वर्षी न रडलेली बाळं किती, त्यांचं काय झालं. परतल्यावर पहिल्याच दिवशी पिशवी रजिस्टरवरून काढून ट्रेमध्ये उघडी ठेवावी, फाटली तर फाटली, असं वरिष्ठांनी लेखी द्यावं. तोंडी नको, तोंडी दिलेल्या अभयाची किंमत सरकारी नोकराला ठाऊक असते. बाहुली लेबर रूममध्ये राहावी आणि ड्युटी बदलताना, जाणारी आणि येणारी समोरासमोर असतात तेव्हा, आठवड्यातून एकदा तीन मिनिटं ती हातात घ्यावी. वर्षभर तरी त्यांची ड्युटी हलवू नये. आणि बाळ दगावलं तर चौकशी व्हावी, पण पहिला प्रश्न ‘कोणाची ड्युटी होती’ हा नसावा. तो असला की दुसऱ्या दिवसापासून रजिस्टर खरं बोलत नाही. यातल्या एकाही गोष्टीला अनुदान लागत नाही. लागतं ते वरिष्ठाचं लक्ष, आणि तेच आमच्याकडे सर्वांत दुर्मिळ आहे हे मला मान्य आहे.

बाल्डविन आणि फोर्ड यांनी ‘उतरलं’ असं कधी म्हणायचं याच्या दोन खुणा सांगितल्या आहेत. एक, शिकलेलं काळ लोटला तरी टिकणं. दुसरी, न शिकवलेल्या परिस्थितीतही ते वापरता येणं. दुसरी खूण दुर्मिळ. मी ती याच पंचक्रोशीत पाहिली.

दसरा झाला की आमच्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बायको आठ दिवसांची बाळंतीण असली तरी कोयता मोडत नाही. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी आशाताईच्या भेटी ठरलेल्या आहेत: तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. सातव्या दिवसानंतर बाळ कोल्हापूर-सांगलीकडे, नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या फडात, पालाखाली असतं. प्रशिक्षणात या बाळाविषयी एक ओळही नाही. एका आशाताईनं गेल्या हंगामात चौदाव्या दिवशी त्या बाळंतिणीला व्हिडिओ कॉल लावला. बाळाला कॅमेऱ्यासमोर पाजायला लावलं, ओढतं का बघितलं, छातीवरचं कापड बाजूला करायला सांगून एक मिनिट श्वास मोजले, तळपायाला हात लावून गार आहेत का ते आईकडून वदवून घेतलं. तळपाय गार होते. थंडी होती आणि पाल उघडं होतं. बाळाला पोटाशी बांधून ठेव, म्हणाली, आणि संध्याकाळी परत कॉल केला. बेचाळिसाव्या दिवसापर्यंत तिनं हे केलं. रेंज जात असे तेव्हा मुकादमाच्या फोनवर.

या भेटी फॉर्ममध्ये बसत नाहीत. फॉर्ममध्ये घरी जाऊन केलेल्या भेटीचाच रकाना आहे, आणि भेटी पुऱ्या केल्याचे अडीचशे रुपये त्याच रकान्यावर मिळतात. तिनं त्या आपल्या डायरीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवल्या आहेत: तारीख, श्वास, पाय गार की गरम. मला दाखवताना म्हणाली, “मॅडम, हे शिकवलं नव्हतं तुम्ही. बराबर हाय का बघा जरा.”